यंत्राची खंडेनवमी

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. माझे आजोबा देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, होते. त्या दिवशी तलवारी पुसायच्या, तेल लावायचं, ओळीनं मांडायच्या, झेंडू वाहायचा आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हलवायचं नाही. आता तलवार एकच उरली आहे आणि तिनं गेल्या ऐंशी वर्षांत साधा कोहळाही कापलेला नाही. पण नियम आहे तो आहे. म्हणून विळी, कात्री, आमच्या सौभाग्यवती सावित्रीबाईंचं शिलाई मशीन आणि माझी स्कूटर यांना आम्ही त्या दिवशी सुट्टी देतो. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात.

यंदा मी ऋतिकाच्या शेकर नावाच्या यंत्रालाही सुट्टी दिली. बस, एवढंच मी केलं. आणि त्यानंतर दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, ते मात्र 'एवढंच' नव्हतं.

ऋतिका माझी नात. इंदूरला जीवशास्त्र शिकली, आईवडील भोपाळला नोकरीवर, आणि ही आमच्याकडे देवासला. आमच्या पुढच्या दोन खोल्यांत तिनं रंगांचं केंद्र काढलं आहे. रंग विकत नाही, रंग समजावून सांगते. शाळांत जाते, मेळ्यांत जाते, महिला मंडळांत जाते. मी सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं फायली हलवलेला माणूस. मला आधी वाटलं, रंगात समजावण्यासारखं काय आहे? पण तिचं एकदा ऐकलं आणि गप्प झालो. म्हणाली, "आबासाहेब, रांगोळी तुमच्या सदऱ्यावर पडली तर झटकून जाते. हळद पडली तर सदऱ्यात राहायलाच येते. दोन्ही रंगच, पण एक वर बसतो आणि एक आत शिरतो." सावित्रीबाई म्हणाल्या, "यांच्या सदऱ्यांवर दोन्ही असतं." असो.

ती जी मोठी गोष्ट सांगते ती जिवाणूंची. मातीत एक साधा जिवाणू असतो, तो आपला आपण जांभळा रंग बनवतो. गंमत अशी, की थोडे असताना बनवत नाही. त्यांची पुरेशी गर्दी झाली की मगच रंग धरतात. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. एका जिवाकडची रंगाची कृती उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या जिवाला द्यायची; मग जो जिवाणू कधी रंग बनवत नव्हता तो नीळ बनवायला लागतो. असे घडवलेले जिवाणू ती घरी आणत नाही. ते इंदूरला, परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच राहतात, आणि इथे येते ती फक्त गाळून सुकवलेली निळी पूड. आमच्या खोलीत वाढतो तो मातीतला जांभळा. त्याच्यासाठी शेकर. शेकर म्हणजे छोट्या फ्रिजएवढी पेटी; आत गारवा ठेवते आणि काचेचा चंबू सारखा हलवत राहते. जुनी घेतलेली पेटी, घरघर करते. आमच्या शेजघराच्या भिंतीपलीकडेच ती आहे. तीन महिने मी त्या घरघरीतच झोपतो आहे.

उन्हाळ्यात धामनोदला तिचा कार्यक्रम झाला, तेव्हा बाघचे एक म्हातारे छपाईवाले उठले. बाघ म्हणजे धार जिल्ह्यातलं ठशांच्या छपाईचं गाव. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. ते म्हणाले, "बेटी, ये कीड़ा हमारा काम खा जाएगा क्या?" सभागृह हसलं, ते हसले नाहीत. ऋतिकानं त्यांना तिथंच शब्द दिला, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धारला मोठा कार्यक्रम आहे, तिथे जिवंत चंबू समोर ठेवीन, जसा असेल तसा दाखवीन, काही लपवणार नाही. चाचा म्हणाले, "फिर हम भी आएँगे. सब आएँगे."

केंद्रात ऋतिकाबरोबर शिवांगी काम करते. बागली गावची मुलगी, दोन वर्षं झाली. जिवाणूंचं खाणं, म्हणजे ते सूपासारखं पाणी बनवणं, तिच्याकडे. तिच्या वडिलांनी तिला एका अटीवर देवासला ठेवलं आहे: हे काम आहे तोवर राहा, काम गेलं की घरी ये आणि लग्न कर. हे तिनंच सावित्रीबाईंना मटार सोलता सोलता सांगितलं होतं. मलाही ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय मला नको.

आणि आणखी एक. श्रावणात मला त्या खोलीत वास आला म्हणून मी फिनेल घेऊन तिच्या काचेच्या बशा स्वच्छ पुसून काढल्या होत्या. महिन्याचं काम गेलं. ऋतिका ओरडली नाही, रडली. आणि मग म्हणाली, "अजून एकदा माझ्या सामानाला हात लावलात ना आबासाहेब, तर मी सगळं उचलून इंदूरला जाईन." त्या दिवसापासून मी त्या दारासमोरून चालतानाही हात मागे बांधतो.

नवमीला ऋतिका बाघला गेली होती, चाचांकडून छापलेलं कापड आणायला. मुक्काम तिथेच. शिवांगी सणाला बागलीला. चंबू सप्तमीला शेकरमध्ये ठेवलेला, दसऱ्यापर्यंत जांभळा व्हायचा होता. जाताना ऋतिका म्हणाली, "पूजा करा, फूल वाहा, हात लावू नका."

मी हात लावला नाही. पेटी बाहेरून पुसली, गंध लावलं, झेंडूची माळ घातली. ती घरघरत होती. शेजारी तलवार शांत, कात्री शांत, शिलाई मशीन शांत, आणि ही एकटी राबते आहे. मला ते बघवेना. रात्रंदिवस राबणाऱ्याला एक दिवस विसावा नको? बटण भिंतीवर होतं आणि भिंत माझी आहे. मी बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं आणि मला फार बरं वाटलं. दसऱ्याला पहाटे उठून अंघोळ केली, पूजा केली, माळ उतरवली आणि बटण चालू केलं. घरघर सुरू झाली. झालं, म्हटलं, सगळं रीतीनं झालं.

त्या दिवशी ऊन किती होतं, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. आश्विनातलं देवासचं ऊन, बंद खोली, बंद पेटी.

दसऱ्याला दुपारी ऋतिका आली, तडक खोलीत गेली. मी ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो. मग ती चंबू हातात घेऊन बाहेर आली. आत ताकासारखं पांढुरकं पाणी होतं. जांभळ्याचा मागमूस नाही.

"आबासाहेब, लाइट गई थी क्या? नवमीला?"

आणि मी म्हणालो, "नाही."

खरंच तर होतं ते. नवरात्रात गावच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला एवढी गर्दी असते, म्हणून आमच्या भागातली लाइट जात नाही. मी एक शब्दही खोटा बोललो नाही. पण त्या खऱ्या शब्दानं काय केलं ते पुढच्या मिनिटात मला दिसलं. ऋतिकानं डोळे मिटले आणि म्हणाली, "मग सूपच चुकलंय. शिवांगीनं परत मीठ जास्त घातलं." मागे एकदा तसं झालं होतं. लाइट गेली नाही, यंत्र चालू आहे, तर उरलं कोण?

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "उद्या दोनशे लोक येणार आहेत," आणि तिचा आवाज श्रावणातल्यासारखाच झाला, रडण्याआधीचा. मला इंदूरचा रस्ता दिसला, टेम्पोत चढवलेली पेटी दिसली, रिकाम्या दोन खोल्या दिसल्या. मी पेपर वर धरला.

तिनं फोन लावला. मी पेपरामागून ऐकत होतो. "शिवांगी, एक काम दिया था. एक." पलीकडून काहीतरी बोलणं. "नमक तौला था? पक्का? तो फिर ये सफेद कैसे है? ... नहीं, मुझे कुछ नहीं सुनना. कल धार आना है तो आ, नहीं तो मत आ. परसों से केंद्र मत आना." फोन ठेवला.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन ती पाया पडायला आली. "सोनं घ्या, आबासाहेब." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सोन्यासारखी राहा." माणूस एवढा निर्लज्ज होऊ शकतो, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

सावित्रीबाईंना मात्र सगळं कळलं होतं. नवमीला घर गप्प होतं, हे त्यांच्या कानांनी टिपलं होतं. ऋतिका आतल्या खोलीत गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, सांगा तिला."

"ती निघून जाईल."

"जाऊ दे. त्या शिवांगीवर बालंट आलंय."

"उद्या सांगतो. कार्यक्रम होऊन जाऊ दे." सावित्रीबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. त्या भांडतात तेव्हा मला काळजी नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धारला निघालो, ऋतिका गाडी चालवत होती, मी शेजारी. चंबू माझ्या मांडीवर, दोन्ही हातांत. तिनंच सांगितलं होतं की धरा. इंदूर बायपासला मी ठरवलं, पुढच्या नाक्यावर सांगू. नाका गेला. घाटाबिल्लोदला चहाला थांबलो तेव्हा म्हणालो, "ऋतिका, एक बोलायचं होतं." ती म्हणाली, "आबासाहेब प्लीज, डोक्यात कार्यक्रम चाललाय, नंतर." आणि मला हायसं वाटलं. खरं सांगतो, हायसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं चाललं होतं. तिनं आरशात पाहिलं तरी वाटायचं, माझ्याकडेच पाहते आहे.

धारचं सभागृह भरलं होतं. कॉलेजची मुलं, शिक्षक, बायका, आणि पुढच्या दोन रांगांत बाघचे छपाईवाले. चाचा मधोमध. मी तिसऱ्या रांगेत बसलो. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत शिवांगी, आणि तिच्याशेजारी तिचे वडील. गळ्यात पांढरा गमछा, हात मांडीवर. मोटारसायकलवर तिला बागलीहून घेऊन आले होते. मुलीवर आळ आला म्हणून माणूस हातचं काम टाकून एवढा लांब आला, हे मला तिथंच कळलं.

ऋतिका छान बोलली. आधी बाघचं कापड दाखवलं. फिटकरीचा, म्हणजे तुरटीचा, ठसा उमटवला तेव्हा काहीच दिसलं नाही, मग लाल रंगाच्या उकळत्या पाण्यात धावडीच्या फुलांबरोबर घातलं आणि जिथे फिटकरी होती तिथेच लाल चढला. मुलं आ वासून बघत राहिली. मग तिनं चाचांना विचारलं, हा लाल कुठून येतो? चाचा म्हणाले, आमच्या पणजोबांच्या वेळी झाडाच्या मुळीतून यायचा, आता डब्यातून येतो. ती म्हणाली, मुळीतला लाल कारखान्यात बनायला लागून दीडशे वर्षं झाली, रंग बदलला, पण तुमचं काम गेलं नाही. चाचा म्हणाले, "कुछ का गया, बेटी. जड़ उगानेवालों का गया." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो. त्यांचं गेलं. हे मी यापुढे सांगत जाईन." टाळ्या पडल्या. माझी छाती भरून आली. पण आता निळी पूड दाखवून झाली होती आणि पुढे चंबू होता.

तिनं चंबू टेबलावर ठेवला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "भिया, ये तो दूध है." हशा.

"हा जांभळा व्हायला हवा होता," ऋतिका म्हणाली. "मी चाचांना शब्द दिला होता, जसा असेल तसा दाखवीन. रंग आला नाही. हमारी साथी शिवांगी से घोल बनाने में गलती हुई. गलती हमारी है, छुपाएँगे नहीं."

तिला वाटत होतं, ती खरं बोलते आहे. माझ्या नातीचा प्रामाणिकपणाच दोनशे लोकांसमोर एका मुलीच्या अंगावर गेला, आणि तो मीच सोडला होता.

मागून आवाज आला. "दीदी, मैंने ठीक बनाया था." शिवांगी उभी होती. माना वळल्या. "तीन बार तौला था. आपने पूछा ही नहीं." तिचे वडील तसेच बसलेले, नजर जमिनीवर.

मी उभा राहिलो. कसा राहिलो आठवत नाही, गुडघा खुर्चीवर आपटल्याचं आठवतं. "तिची चूक नाही," मी म्हणालो, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "मशीन मैंने बंद किया था. नवमी के दिन. पूरा दिन, पूरी रात."

"क्यूँ?" कुणीतरी विचारलं.

"हमारे यहाँ उस दिन औजार को आराम देते हैं."

काही मुलं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी चंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बंद किया वो तो रिवाज हुआ," ते म्हणाले. "बोला क्यूँ नहीं?"

ऋतिका टेबलाला धरून उभी होती. तिनं माइक परत तोंडाशी नेला आणि शांतपणे सांगितलं, की गारवा आणि हवा बंद झाली, आत उष्णता वाढली, जिवाणू मेले किंवा गर्दी होण्याआधीच थांबले, म्हणून रंग आला नाही. सूप बरोबर होतं. मग म्हणाली, "शिवांगी, मैं सबके सामने माफ़ी माँगती हूँ." पण तोवर शेवटच्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत होत्या.

आम्ही मागे धावलो. माझं धावणं म्हणजे काय ते सोडा, पण धावलो. आवारात तिच्या वडिलांनी मोटारसायकल वळवली होती. मी हात जोडले. म्हणालो, चूक माझी आहे, मुलीला परत पाठवा, तिचं काम तसंच आहे. त्यांनीही हात जोडले. माझ्याहून नम्र माणूस.

"साहब, आप बड़े हो. गलती किसी की भी हो, नाम तो हमारी छोरी का लिया ना. भरी सभा में. अब रेने दो."

शिवांगीनं पिशवीतून केंद्राची किल्ली काढली आणि ऋतिकाच्या हातात दिली. ऋतिका म्हणाली, "शिवांगी, प्लीज." शिवांगी म्हणाली, "दीदी, दो साल में एक बार तो पूछतीं." मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, आमच्या घरी यायची तेव्हा लावायची तसाच, आणि मागे जाऊन बसली. गाडी फाटकातून बाहेर पडली.

परतीच्या वाटेवर इंदूर आलं. रस्त्यावरची नजर न हलवता ऋतिका म्हणाली, "दसऱ्याला मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली होतीस, इंदूरला जाईन," मी म्हणालो. "मला वाटलं, तू खरंच जाशील."

"रागात बोलले होते, आबासाहेब. मी कुठे जाणार होते? आणि समजा गेलेही असते. मी एक तासावर असते, दर रविवारी आले असते." तिचा आवाज फुटला. "ती बागलीला गेली."